तबकडीच्या पाठीवरची शाई

आत्याच्या मुलीचं लग्न २००६ साली रत्नागिरीला झालं. महिनाभराने फोटोवाल्याने तीन डीव्हीडी आणून दिल्या. तिन्हींच्या पाठीवर मुंडावळ्या बांधलेल्या नवरानवरीचा फोटो, खाली दोघांची नावं आणि तारीख. एक आत्याकडे राहिली, एक मुलीच्या सासरी गेली, तिसरी आमच्याकडे आली. गेल्या गणपतीत या तिन्ही तबकड्या पहिल्यांदाच एका टेबलावर आल्या. आत्याची तबकडी इतकी वर्षं शोकेसमध्ये फोटोसारखी उभी होती. तिच्यावरचा हिरवा शालू पिवळट पडला होता आणि चेहरे तांबूस झाले होते. सासरच्या तबकडीवर कधीतरी पावसाळ्यात कौलांतून पाणी ठिबकलं असावं. नावांच्या जागी जांभळा ओघळ होता, तारीख पुसून गेली होती. आमची डबीत बंद, पुस्तकांच्या मागे, अंधारात पडून होती आणि जवळपास नवी दिसत होती. मग तिन्ही एकेक करून ड्राइव्हमध्ये घातल्या. तिन्ही चालल्या.

एकाच प्रिंटरवर, एकाच दिवशी, एकाच शाईने छापलेल्या तीन तबकड्यांचं हे वेगवेगळं नशीब पाहून मी या विषयाच्या मागे लागलो. इंकजेटने छापलेली सीडी किंवा डीव्हीडी किती टिकते, असं लोक विचारतात तेव्हा त्यात दोन प्रश्न मिसळलेले असतात. छापलेलं चित्र किती टिकतं, हा एक. छापल्यामुळे आत साठवलेल्या माहितीला धोका होतो का, हा दुसरा. दोन्हींची उत्तरं निराळी आहेत आणि माझ्या मते लोकांची काळजी चुकीच्या प्रश्नाकडे वळलेली आहे.

आधी तबकडीची घडण पाहू. सीडी-आर म्हणजे १२० मिलिमीटर व्यासाची आणि १.२ मिलिमीटर जाडीची पॉलिकार्बोनेटची चकती. तिच्या वरच्या अंगाला रंजकाचा (डायचा) पातळ थर असतो, त्यावर चांदीचा किंवा सोन्याचा आरसा आणि त्यावर काही मायक्रॉन जाडीचा लाखेसारखा संरक्षक लेप. लेसर खालून येतो, जवळजवळ सगळी जाडी ओलांडून रंजकापर्यंत जातो आणि आरशावरून परततो. म्हणजे आपण चमकती बाजू जिवापाड जपतो, पण सीडीमधली माहिती खरी पाठीला चिकटून असते, वरच्या लेपाच्या लगेच खाली. चमकत्या बाजूचा ओरखडा बऱ्याचदा घासून काढता येतो. पाठीवर सुईने ओढलेली रेघ मात्र आरसाच फाडते. डीव्हीडीची रचना अधिक शहाणी आहे. तिच्यात ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि माहिती दोन पोळ्यांमधल्या सारणासारखी मध्ये असते. ब्लू-रेमध्ये हे उलटं आहे. तिथे माहिती वाचायच्या बाजूपासून जेमतेम ०.१ मिलिमीटरवर असते आणि छपाईच्या बाजूला १.१ मिलिमीटरची भिंत असते. त्यामुळे छपाईने माहिती बिघडते का, हा प्रश्न खरं तर सीडी-आरपुरता महत्त्वाचा आहे.

पाठीचा तो पातळ लेप किती नाजूक असतो, हे इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या एका कारखान्याने सगळ्यांना दाखवून दिलं. फिलिप्स आणि ड्यूपाँट यांच्या भागीदारीतल्या या कारखान्यात १९८८ ते १९९३ या काळात बनलेल्या बऱ्याच संगीत-सीडी कडेकडून तपकिरी, कांस्यासारख्या होत गेल्या आणि शेवटी वाजेनाशा झाल्या. तिथे आरशासाठी चांदी वापरली होती. वरचा लेप सीडीसोबतच्या कागदी पुस्तिकेतल्या गंधकाला अडवू शकला नाही आणि चांदी काळवंडली. त्या सीडी कारखान्यात ठशाने काढलेल्या होत्या, त्यांचा इंकजेटशी काही संबंध नव्हता. पण पाठीला काय लागतं ते आतपर्यंत पोचू शकतं, हा धडा त्यातूनच मिळाला.

इंकजेटच्या तबकडीवर या लेपाच्या वर आणखी एक थर असतो आणि माझ्या मते सगळ्या गोष्टीचा गाभा तोच आहे. इंकजेटची शाई बहुतांशी पाणी असते. साध्या प्लास्टिकवर तिचा थेंब अळवाच्या पानावर थांबावा तसा गोळा होऊन राहील. म्हणून 'प्रिंटेबल' तबकडीवर आधी पांढरा आणि मग शाई शोषणारा थर देतात. तो दोन प्रकारचा असतो. एकात पाण्याने फुगणारे पॉलिमर असतात. थेंब पडला की थर फुगतो, शाई आत घेतो आणि हळूहळू वाळून मिटतो. दुसऱ्यात सिलिका किंवा अॅल्युमिनाचे अतिसूक्ष्म कण असतात. त्यांच्यामधल्या पोकळ्यांत शाई ओढली जाते आणि छपाई हात लावण्याजोगी लगेच कोरडी होते. पहिल्या प्रकारात रंग पॉलिमरच्या आत कोंडलेला असल्याने हवेपासून वाचतो, पण ओल लागली की थर पुन्हा फुगतो आणि रंग पसरतो. दुसऱ्यात पाण्याची भीती कमी असते, पण पोकळ्या उघड्याच राहिल्याने हवेतले वायू रंगापर्यंत सरळ पोचतात. पाणी आणि हवा या दोघांपैकी कोणाला आत येऊ द्यायचं, एवढीच काय ती निवड.

चांगल्या चकचकीत थरात आणखी एक युक्ती असते. इंकजेटची बहुतेक रंजकं ऋणभारित असतात, म्हणून थरात धनभारित द्रव्य मिसळतात. रंग त्याला जखडून राहतो. कापड रंगवताना तुरटी जे काम करते, तेच हे. जपानच्या तायो युदेन कंपनीने 'वॉटरशील्ड' या नावाने जलरोधक थराच्या चकचकीत तबकड्या काढल्या होत्या. सीडी-आर जगात पहिल्यांदा बनवणारी कंपनी हीच, १९८८ सालची. जलरोधक थराची तबकडी छापून वाळल्यावर ओल्या कापडाने पुसली तरी चित्र राहतं. साध्या मॅट थरावर ओलं बोट फिरवा, बोट रंगतं. दुकानात दोन्ही तबकड्या पांढऱ्याच दिसतात, किमतीतला फरकही फार नसायचा, आणि तरीही छपाईच्या आयुष्यात सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो. शाईची चर्चा तासन् तास चालते, थराची कोणी करत नाही, हे मला खटकतं.

शाईही दोन जातींची असते. एकीत रंजक पाण्यात साखरेसारखं विरघळलेलं असतं, दुसरीत रंगद्रव्याचे घन कण पाण्यात तरंगत असतात. विरघळलेल्या रंगाचा रेणू एकटा असतो, त्यामुळे प्रकाश आणि वायू त्याला सहज गाठतात. रंगद्रव्याच्या कणात असंख्य रेणू एकत्र असतात. बाहेरचे काही गेले तरी आतले रंग राखतात. कागदावर रंगद्रव्याची शाई निर्विवाद जास्त टिकते. तबकडीवर हा हिशेब तसाच लागू होईल असं नाही. तबकड्यांचे थर मुख्यतः विरघळणाऱ्या शाईसाठी बनवलेले असतात. रंगद्रव्याचे कण कधी कधी त्यात न शिरता वरच बसतात आणि मग प्रकाशाला न डगमगणारं चित्र बोटाच्या घासण्याने निघून येतं. तबकडी हाताळली जाते, डबीत सरकते, गाडीतल्या खाचेच्या प्लेअरमध्ये रबरी रुळांतून ओढली जाते. कागदाला यातलं काहीच सोसावं लागत नाही. म्हणून कागदावरच्या चाचण्यांचे आकडे तबकडीला चिकटवू नयेत.

त्या चाचण्यांबद्दलही सांगायला हवं. रंगीत छायाचित्रांच्या टिकाऊपणावर अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या ग्रिनेल गावात हेन्री विल्हेल्म यांनी आयुष्य घालवलं. १९९३ साली त्यांचा या विषयावरचा जाडजूड ग्रंथ आला आणि पुढे इंकजेटच्या शाई-कागदांच्या जोड्या तपासून त्यांची वर्षं सांगण्याचं काम त्यांच्या संस्थेने केलं. हे काम मोलाचं आहे, पण आकडा वाचताना त्यामागची गृहीतकं वाचायला हवीत. दिवसाचे १२ तास ४५० लक्स उजेड, २४ अंश सेल्सिअस तापमान आणि ६० टक्के आर्द्रता, असा हिशेब त्यात असतो. जुलैमधल्या रत्नागिरीला या हिशेबात जागा नाही.

प्रकाशाची चाचणी सगळं सांगत नाही, याचा मोठा धडा २००० साली मिळाला. एप्सनच्या स्टायलस फोटो ८७० आणि १२७० या प्रिंटरांनी त्यांच्याच चकचकीत कागदावर काढलेले फोटो प्रकाशात बरीच वर्षं टिकतील असं सांगितलं जात होतं. प्रत्यक्षात काही घरांत ते काही आठवड्यांत, कुठे कुठे तर काही दिवसांतच नारिंगी पडले. दोष प्रकाशाचा नव्हता, हवेतल्या ओझोनचा होता. कागदाचा थर सूक्ष्म पोकळ्यांचा होता, ओझोन आत शिरला आणि त्याने निळसर रंजकाचे रेणू तोडले. निळसर रंग गेला की मागे लाल-पिवळं उरतं. फोटो काचेखाली ठेवला तर तो वाचत होता. आत्याच्या शोकेसमधल्या तबकडीचा हिरवा शालू पिवळा कसा झाला, हे मला या प्रकरणावरून कळलं. हिरवा म्हणजे निळसर आणि पिवळा. त्यातला निळसर उडाला. शोकेसला काच होती, पण तिची सरकती दारं वर्षातून दहा महिने अर्धी उघडीच असायची. पुढे कंपन्यांनी रंजकं सुधारली. कॅननची क्रोमालाइफ १०० आणि एप्सनची क्लॅरिया या २००५-०६ च्या सुमाराच्या शाया ओझोनला आधीच्यांपेक्षा खूप चांगल्या तोंड देतात.

पण आपल्याकडे बहुतेक तबकड्यांवर त्या शाया कधी पडल्याच नाहीत. इथे मला थोडं थांबायचं आहे. दोन हजारच्या दशकात लग्नाच्या डीव्हीडीचा धंदा गावोगावी फोफावला. तालुक्याच्या प्रत्येक फोटो स्टुडिओत तबकडीचा ट्रे असलेला सहा रंगांचा इंकजेट आला. मूळ कार्ट्रिज महाग, म्हणून बाहेरून नळ्या जोडून बाटलीतली शाई भरायची पद्धत पडली. बाटलीतली शाई पहिल्या दिवशी मूळ शाईसारखीच दिसते. फरक दिसायला दोनतीन पावसाळे जावे लागतात. एका स्टुडिओतल्या जुन्या कारागिराने मला सांगितलं, की निळ्याची बाटली संपली की मिळेल त्या कंपनीची ओतायची, गिऱ्हाईक तबकडी घेऊन जाणार आणि पुन्हा कधी दाखवायला येणार नाही. तो खोटं बोलत नव्हता आणि फसवतही नव्हता. तबकडीवरचा फोटो म्हणजे वेष्टण, असंच सगळ्यांनी धरलं होतं. पुढे मूळ कंपनीच्याच शाईच्या टाक्या असलेले, तबकडी छापणारे एप्सन एल८०० सारखे प्रिंटर आले आणि चांगली शाई परवडू लागली. पण तोवर लग्नं पेनड्राइव्हवर जाऊ लागली होती.

आपल्या हवेत प्रकाश आणि ओझोन यांच्यापेक्षा मोठा शत्रू दमटपणा आहे, असं माझं मत झालं आहे. सगळीकडे दिसते ती हानी थेंब पडल्याची, पण त्याहून जास्त हानी नुसत्या हवेने होते. हवेतली आर्द्रता ८०-८५ टक्क्यांच्या वर राहिली की विरघळणारं रंजक थरात हळूहळू सरकू लागतं. अक्षरांच्या कडा फुगतात, काळ्याभोवती तपकिरी किंवा निळी झाक येते, बारीक अक्षरातली तारीख वाचता येईनाशी होते. अंधारात, बंद कपाटातही हे घडतं. पाठीचा थर चिकट होतो आणि तबकड्या चवडीत रचलेल्या असतील तर एकीची छपाई दुसरीच्या वाचायच्या बाजूला उमटते. त्यावर बुरशी येते ती वेगळीच. २००१ मध्ये माद्रिदच्या हाविएर गार्सिआ-गिनेआ यांनी मध्य अमेरिकेतल्या बेलिझहून आलेल्या एका सीडीचा अभ्यास मांडला. जिओट्रिकम जातीच्या बुरशीने तिच्या कडेकडून आत शिरून पॉलिकार्बोनेट आणि अॅल्युमिनिअम दोन्ही खाल्लं होतं. अशी बुरशी सर्रास आढळत नाही. पण दमट उष्ण प्रदेशात तबकडी अजिंक्य नाही, एवढं त्यातून कळतं. कोकणातल्या आणि गोव्यातल्या घरांत ज्यांनी कॅसेटींवर पांढरी बुरशी पाहिली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता दुसरा प्रश्न, छपाईने माहितीला धोका होतो का. चांगल्या प्रिंटेबल तबकडीवर, तिच्यासाठीच बनलेल्या प्रिंटरने छापलं तर नाही, असं मी ठामपणे म्हणेन. शाईतलं पाणी आणि ग्लायकॉल वरच्या थरातच राहतात. लेसर आरशाच्या खालून येतो, त्याला वरचं चित्र दिसतही नाही. एकच गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. शाई शोषणारा थर फक्त एका बाजूला असतो. तो ओल घेऊन फुगला की तबकडी किंचित वाकू शकते आणि डीव्हीडीला असं वाकणं सीडीपेक्षा कमी सोसतं. म्हणून पूर्ण पाठ गडद शाईने भरून लगेच ड्राइव्हमध्ये घालू नये. एक दिवस सुटी, उताणी वाळू द्यावी. आधी माहिती भरावी आणि मग छापावं, की उलट, यावर बराच वाद ऐकू येतो. माझा कौल आधी माहिती भरून, तपासून मग छापण्याकडे आहे. त्याला कारण साधं आहे. बिघडलेल्या तबकडीवर शाई वाया जात नाही आणि भरताना तबकडी कोरडी, सपाट असते.

खरा धोका छपाईच्या पर्यायांत आहे. कागदी गोल लेबल चिकटवणं हा सगळ्यात वाईट मार्ग. वेगात फिरणारी तबकडी मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या आसपास जाते, लेबल केसभर कडेला सरकलं तरी ती थरथरते. गोंद वर्षांनी सुकतो, फुगे धरतो आणि लेबल काढायला गेलं तर सीडीचा आरसाच पापुद्र्यासारखा सोबत येतो. अमेरिकेच्या मानक संस्थेसाठी फ्रेड बायर्स यांनी २००३ मध्ये तबकड्या हाताळण्याची जी मार्गदर्शिका लिहिली, तिच्यात लांबच्या मुदतीसाठी चिकटवायचं लेबल नकोच असं सांगितलं आहे. बॉलपेन आणि टोकदार पेन्सिल नको. तीव्र द्रावक असलेले मार्करही नकोत, पाण्यात विरघळणाऱ्या शाईचं मऊ टोकाचं पेन चालेल. याच कारणाने छापलेल्या सीडीवर वरून हार्डवेअरच्या दुकानातला वार्निशचा फवारा मारणं मला धोक्याचं वाटतं. तो चित्र वाचवेल, पण त्यातलं द्रावक काही मायक्रॉनच्या लेपापर्यंत झिरपू शकतं. डीव्हीडीवर हा धोका कमी आहे, तरी मी तो घेणार नाही.

काही काळ लाइटस्क्राइब नावाची पद्धत चालली. २००४ मध्ये जाहीर झालेल्या या तंत्रात तबकडी उलटी घालायची आणि ड्राइव्हच्या लेसरनेच पाठीवर एकरंगी चित्र कोरायचं. शाई नाही, ओल नाही, कल्पना फार देखणी होती. पण प्रकाशाने रंग बदलणारा थर पुढेही प्रकाशाने बदलतच राहतो आणि खिडकीशी ठेवलेली लाइटस्क्राइब तबकडी इंकजेटपेक्षाही लवकर फिकट होते. याउलट उष्णतेने फितीवरचा रंग चिकटवणारे व्यावसायिक प्रिंटर, विशेषतः रिमाज एव्हरेस्टसारखे, जी छपाई देतात ती पाण्याने जात नाही आणि घासूनही निघत नाही. किमतीमुळे ते संस्थांपुरतेच राहिले. एमआरआय किंवा सीटी स्कॅनची सीडी देणाऱ्या मोठ्या रुग्णालयांत मात्र बऱ्याचदा इंकजेटचीच स्वयंचलित यंत्रं असतात. तिथे पाठीवर रुग्णाचं नाव आणि तपासणीची तारीख छापलेली असते. या छपाईचा टिकाऊपणा लग्नाच्या फोटोपेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे. दोन वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांसमोर ती सीडी ठेवली जाते तेव्हा नाव वाचता आलं पाहिजे.

जतनाच्या दृष्टीने एक विसंगती मला फार बोचते. एम-डिस्क नावाची तबकडी अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या एका कंपनीने काढली. तिच्यात सेंद्रिय रंजकाऐवजी दगडासारख्या पदार्थाच्या थरात माहिती कोरली जाते आणि ती हजार वर्षं टिकेल असा दावा आहे. त्या तबकडीचीही इंकजेटने छापायची पांढरी आवृत्ती मिळते. आत हजार वर्षांची माहिती आणि पाठीवर त्याच थरावर तीच शाई, जी दमट खोलीत काही वर्षांत ओघळेल. आत काय आहे हे कोणाला कळलं नाही, तर ती माहिती सापडेल कशी? म्हणून मी छपाईला वेष्टण मानत नाही. छपाई हा माहितीचाच भाग आहे आणि तिची मुदत मोजताना सगळ्यात कच्चा दुवा धरून मोजायला हवी.

मग करावं काय? नव्याने छापायची वेळ आली तर जलरोधक चकचकीत थर आणि प्रिंटरची मूळ शाई, एवढं पुरेसं आहे. फोटो कितीही मोठा छापा, पण नाव, गाव आणि तारीख काळ्या, ठसठशीत अक्षरांत वेगळी घ्या. फिकट होताना काळा सगळ्यात शेवटी वाचनीय राहतो. तबकडी उभी, ताठ डबीत, अंधारात ठेवा. आंतरराष्ट्रीय मानक २५ अंशांच्या आत तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सुचवतं. किनाऱ्यावरच्या घरात ते वातानुकूलनाशिवाय शक्य नाही, पण घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या आणि पावसाळ्याआधी बदलल्या तर बरंच साधतं. डबीत तबकडीबरोबर कागद ठेवायचा असेल तर साधा आम्लरहित कागद घ्यावा, ब्लॅकबर्नच्या पुस्तिकांची आठवण ठेवून.

आणि वेळ थोडा आहे. तायो युदेनने २०१५ अखेर हा धंदा सोडला. दिल्लीशेजारच्या नोएडाची मोझर बेअर एकेकाळी जगातल्या सर्वांत मोठ्या तबकडी-उत्पादकांपैकी एक होती. आपल्या बहुतेक स्टुडिओंच्या कोऱ्या तबकड्या तिच्याच असायच्या. ती २०१८ मध्ये दिवाळखोरीतून विसर्जनाकडे गेली. सोनीने २०२५ च्या सुरुवातीला कोऱ्या ब्लू-रे तबकड्या बनवणं थांबवलं. नव्या लॅपटॉपमध्ये ड्राइव्ह नसतो. घरोघरच्या तबकड्यांतली माहिती आता दुसरीकडे उतरवायलाच हवी. त्या घाईत पाठीवरचं चित्र मागे राहील, अशी मला भीती वाटते.

म्हणून आमच्याकडे आता एकच क्रम ठरला आहे. ड्राइव्हमध्ये घालण्याआधी तबकडीच्या पाठीचा दिवसाच्या उजेडात सरळ वरून फोटो काढायचा आणि आतली माहिती उतरवली की तो फोटो त्याच फोल्डरमध्ये ठेवायचा. आत्याच्या मुलीच्या सासरहून आलेल्या तबकडीचा फोटो काढताना तिच्यावर फक्त जांभळा ओघळ होता. लग्नाची तारीख त्या दिवशी कोणाला नक्की आठवत नव्हती, १८ की १९. शेवटी आमच्या डबीतली तबकडी उजेडात धरली आणि आत्याने चष्मा कपाळावर सरकवून ती वाचली.